आमचं म्हातारपण आमच्याच गावात
नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या ज्येष्ठांचा जाहीरनामा

साठी ओलांडलेले आणि साठीकडे निघालेले, नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत राहणारे आम्ही स्त्री-पुरुष हा जाहीरनामा लोकांपुढे ठेवत आहोत. म्हातारपणी कुठं राहायचं हे आमचं आम्ही ठरवू, आणि ते ठरवण्याची ताकद अंगात टिकावी म्हणून आजपासूनच कामाला लागू, एवढंच आमचं म्हणणं आहे. पुढं जे लिहिलंय ते सगळं यातूनच निघालेलं आहे.

आमच्यापुढं दोनच वाटा आहेत असं सगळे धरून चालतात. एक तर लेकाच्या मागं पुण्याला नाहीतर हैदराबादला जायचं. तिथं दिवसभर दार लावून बसायचं आणि खाली उतरायचं तर कुणीतरी सोबत यायची वाट बघायची. नाहीतर वृद्धाश्रम. पुण्यात पैसेवाल्यांसाठी अथश्रीसारख्या ज्येष्ठांच्या वसाहती झाल्या. त्या चांगल्या आहेत, तिथं सुखानं राहणाऱ्यांबद्दल आमची काही तक्रार नाही. पण मुखेडचा कोरडवाहू शेतकरी किंवा जळकोटची विधवा शेतमजूर तिथल्या फाटकापर्यंतही पोचणार नाही. आम्हाला हवी ती वाट आमच्याच गल्लीतून जाते. घर आपलं, शेजार ओळखीचा, भाषा आपली, आणि पडलं-झडलं तर हाकेला माणूस. ही वाट आज तयार नाही, ती आपल्यालाच करावी लागणार आहे.

आम्ही किती आहोत? २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार आणि लातूरची २४ लाख ५४ हजार होती. त्या वेळी महाराष्ट्रात शंभरातले जवळजवळ दहा जण साठीच्या पुढचे होते. तेच प्रमाण धरलं तरी दोन जिल्ह्यांत मिळून पावणेसहा लाखांच्या घरात माणसं होतात. त्यानंतर आमची संख्या वाढली आणि घरातली तरुण माणसं कमी झाली. दिवाळी झाली की कंधार, लोहा, मुखेड, जळकोट भागातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. लातूर शहरात याच्या उलट: गावाकडून आलेली आजी नातवाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी भाड्याच्या खोलीत राहून त्याचा स्वयंपाक करते. म्हणजे सत्तरीतही आम्ही कुणाला तरी सांभाळतच असतो. आम्हाला ओझं म्हणणाऱ्यांनी हे आधी डोळ्यांनी पाहावं.

आमची हाडं कशी झिजली हेही सांगितलं पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात आमच्यातल्या कितीतरी जणांनी पंधरा-अठराव्या वर्षी खडी फोडली, पाझर तलावावर माती वाहिली, कामावर मिळालेल्या सुकडीवर दिवस काढले. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट किल्लारीच्या परिसरात आम्ही पाहिली. माळवदाच्या दगड-मातीखालून माणसं उपसली, आणि नंतर पुनर्वसनाच्या नव्या गावात संसार पुन्हा उभा केला. नव्या गावात रस्ते रुंद झाले, घरं सुटी सुटी झाली, आणि भिंतीला भिंत लागून असलेला शेजार मात्र गेला. आज तिथल्या म्हाताऱ्या माणसाला हे अंतर पावलापावलाला जाणवतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभे राहिलेल्यांत आम्हीही होतो. या सगळ्यातून आम्ही निभावलो ते एकमेकांच्या आधारानं. म्हातारपणासाठीही आम्ही त्याच आधारावर विसंबणार आहोत.

आता मुद्द्याचं. आपलं राहतं घर सुटतं कुठं? भावकीच्या भांडणात सुटतं असं लोकांना वाटतं. आमचा अनुभव निराळा आहे. घर सुटतं ते रात्री तीन वाजता, खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेवर.

ती वाट नीट बघा. खाट उंच किंवा फार खाली. दिव्याचं बटण दारापाशी, म्हणजे अंधारात चालतच तिथपर्यंत जायचं. मध्ये उंबरा. न्हाणीतली शहाबादी फरशी बादलीच्या पाण्यानं ओली आणि साबणानं बुळबुळीत. संडास बैठकीचा, उठताना हात टेकायला नळाशिवाय काही नाही. पायात झिजलेली स्लीपर, नेसूचं घोट्यात अडकणारं लुगडं, आणि बीपीच्या गोळीनं झटकन उठल्यावर येणारी चक्कर. माणूस पडतो. खुब्याचं हाड मोडतं. ऑपरेशन होतं, नाहीतर पैशाअभावी टळतं. त्यानंतर तो माणूस एकटा राहू शकत नाही, आणि कुठं राहायचं हे दुसरेच ठरवतात. जगभरचे आकडे सांगतात की पासष्टीच्या पुढच्या दर तिघांतला एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. त्यातलं पुष्कळसं पडणं टाळता येतं.

म्हणून या चळवळीचं पहिलं काम न्हाणीत आहे. संडासाजवळ आणि न्हाणीत भिंतीला पक्का लोखंडी दांडा, खाटेजवळ बटण, रात्रभर जळणारा छोटा दिवा, खरबरीत फरशी किंवा घट्ट बसणारी रबरी चटई, आणि ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांच्यासाठी कमोडची खुर्ची. गल्लीतला गवंडी आणि प्लंबर मिळून एका दिवसात हे करू शकतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीच्या पुढच्या पात्र माणसांना एकदाच तीन हजार रुपये मिळतात. कमोड खुर्ची, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र अशा वस्तूंसाठी ते आहेत. दहा-पंधरा घरांचा एक असे गट आम्ही करणार आहोत; प्रत्येक गटानं आपल्या गल्लीतले अर्ज भरून द्यावेत, आणि आलेला पैसा त्याच कामाला लागला की नाही हेही प्रेमानं विचारावं. महारेरा या गृहबांधणी नियामकानं २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी दारांची रुंदी, आधाराचे दांडे, न घसरणाऱ्या फरशा यांचे निकष घालून दिले. नांदेड-लातूरमध्ये बांधकाम परवाना देताना प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर निदान एक तरी घर या निकषांनी बांधायला लावावं, अशी आमची दोन्ही महानगरपालिकांकडे मागणी आहे. म्हातारं होणारा माणूस काही वेगळ्या वसाहतीत जन्माला येत नाही.

दुसरं काम पायांचं. सकाळी चालायला जाणारे खूप आहेत आणि ते चांगलंच आहे. पण नुसत्या चालण्यानं मांडीची ताकद राहत नाही. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढच्यांना आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम करायला सांगते. आमचा व्यायाम साधा आहे. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवर बसायचं, हात छातीवर घ्यायचे, उठायचं, सावकाश बसायचं. दहा वेळा. मग दाराची चौकट धरून एका पायावर उभं राहायचं, नंतर दुसऱ्या. जमेल तसं वाढवायचं. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. मंदिराच्या ओट्यावर, मशिदीच्या आवारात, बुद्धविहारात, समाजमंदिरात, जिथं माणसं आधीच जमतात तिथंच आठवड्यातून तीनदा हे व्हावं. पंढरपूरला पायी जाणाऱ्या दिंड्यांमध्ये सत्तरीची माणसं असतात, त्यांच्यापैकी एकेकानं एकेक गट हाती घ्यावा.

तिसरं, ताट. या बाबतीत आम्ही आमच्याच बायकांशी आणि आयांशी स्पष्ट बोलणार आहोत. “मला रात्री काही लागत नाही, चहा-पाव पुरे,” हे वाक्य आमच्या घराघरांत अभिमानानं बोललं जातं. त्या वाक्यानंच दंड सुटतात आणि पाय लटपटतात. वय वाढलं तरी शरीराची डाळीची, दुधाची, अंड्याची गरज संपत नाही. निलंग्याकडची बोरसुरीची तूरडाळ नावाजलेली आहे, लातूरच्या डाळ मिल देशभर डाळ पाठवतात, आणि त्याच लातूरातली म्हातारी पातळ कालवणात भाकरी कुस्करून खाते, हे आम्हाला पटत नाही. घट्ट वरण, हुलग्याचं माडगं, दही, अंडं खाणाऱ्यांना अंडं, करडईच्या तेलातली जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी. दात नसतील तर सगळं मऊ शिजवा, पण ताटातून काढू नका. किडनीचा आजार असेल त्यांनी मात्र डाळ-दुधाचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. मिश्री आणि तंबाखू सोडायला कुठलंच वय उशिराचं नाही.

एकट्या माणसाच्या ताटासाठी लातूरकडं एक तयार व्यवस्था आहे. क्लाससाठी आलेल्या हजारो विद्यार्थ्यांना इथल्या मेस रोज दोन वेळचे डबे पोचवतात. स्वयंपाकी आहेत, डबे आहेत, गाडीवर फिरणारी पोरं आहेत. त्याच फेरीत मीठ-तिखट कमी असलेला मऊ डबा त्याच गल्लीतल्या एकट्या म्हाताऱ्याच्या दारात जाऊ शकतो. आणि डबा उघडून बघायला, “काका, काल जेवला नाहीत का?” असं विचारायला रोज एक माणूस येऊ शकतो. आम्ही मेसवाल्यांशी बोलून हे सुरू करू. लातूर आणि नांदेडच्या कितीतरी घरांत वरच्या खोल्यांत विद्यार्थी भाड्यानं राहतात. त्यांच्याशी भाडं ठरवताना रात्री हाक मारली तर खाली यायचं, एवढं बोलून घ्यावं. थोडं भाडं कमी घ्यावं लागलं तर घ्यावं.

नांदेडला सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात पंगत बसते तेव्हा कोण कुठला, किती वयाचा, हे कुणी विचारत नाही. शेजारी माणूस असला की घास जातो. आमची इच्छा आहे की प्रत्येक मोहल्ल्यात आठवड्यातून एक जेवण असं व्हावं. शिध्यातून, जमेल तसं.

चौथं, गोळ्या. अशक्तपणा आला की सलाईन लावून घ्यायची आमच्याकडं जुनी सवय आहे. खाता-पिता येतं त्या माणसाला सलाईनमधून मिळतं ते पाणी, मीठ आणि थोडी साखर. ते घरीही मिळतं. गुडघ्यासाठी दुकानातून न विचारता घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या तर मूत्रपिंड खराब होतं. बीपीची गोळी मात्र “आता बरं वाटतंय” म्हणून बंद करतो, आणि मग एके दिवशी अर्धं अंग जातं. आमचा प्रत्येक गट महिन्यातून एकदा सगळ्यांच्या पिशव्या उघडेल. गोळ्या कोणत्या, कशासाठी, किती दिवस, हे कागदावर लिहील आणि तो कागद घेऊन उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्याकडं किंवा आपल्या डॉक्टरांकडं जाईल. ऐकू कमी येणाऱ्याला यंत्र, मोतीबिंदूला वेळेवर शस्त्रक्रिया. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलणं सोडतो, बोलणं सुटलं की मन आणि मेंदू दोन्ही मंदावतात. आणि एप्रिल-मेच्या उन्हात तहान लागो न लागो, पाणी प्यायचंच. उतारवयात तहान वेळेवर लागत नाही. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी तेवढंच प्यावं.

आता हक्कांकडं येऊ.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम २००७ साली झाला. आपल्या राज्यात तो २००९ पासून लागू आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांपुढं साधा अर्ज करता येतो, वकील लागत नाही. महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह मंजूर होऊ शकतो. लेक आणि लेकी दोघांचीही जबाबदारी आहे. आमच्यातले फार थोडे हा अर्ज करतात, कारण पोटच्या पोरावर अर्ज करायचा म्हणजे आपलीच अब्रू चव्हाट्यावर मांडणं वाटतं. ती लाज आम्हाला कळते. म्हणून अर्जाआधी गटातली चार वडीलधारी माणसं घरी जाऊन बोलतील. नाही ऐकलं तर तीच माणसं अर्जदारासोबत कचेरीत बसतील.

लेकरांना ही जबाबदारी घ्यायला लावता येते याचा पुरावा लातूरनं दिला आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये लातूर जिल्हा परिषदेनं ठराव केला की जो कर्मचारी आई-वडिलांना सांभाळत नाही त्याच्या पगारातून तीस टक्के कापून ते आई-वडिलांच्या खात्यात भरायचे. ज्यांच्याविरुद्ध तक्रारी आल्या त्यांत शिक्षकही होते. काही जणांचा पगार खरोखर कापला गेला. तक्रार करणाऱ्या त्या आई-वडिलांना आमचा नमस्कार. हा ठराव नांदेड जिल्हा परिषदेनं, दोन्ही महानगरपालिकांनी आणि अनुदानित संस्थांनीही करावा, आणि लातूरनं तो कायम चालू ठेवावा.

शेतीबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो: जिवंतपणी सातबाऱ्यावरून आपलं नाव उतरवू नका. वाटणी करायचीच असेल तर निदान काही गुंठे आणि राहतं घर आपल्या आणि बायकोच्या नावावर ठेवा. बक्षीसपत्र करायचंच असेल तर “आम्हाला शेवटपर्यंत सांभाळायचं” ही अट त्या कागदातच स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या कायद्याचं २३ वं कलम त्या अटीच्या जोरावरच दस्त रद्द करू देतं. अट तोंडी असली की म्हातारा माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसतो. आणि बायांनो, नवऱ्यामागं वारसाची नोंद करून घेताना फेरफार स्वतः वाचून घ्या, वाचता येत नसेल तर गटातल्या कुणाकडून तरी वाचून घ्या. आमच्या गावांत सगळ्यात असुरक्षित माणूस म्हणजे नावावर काही नसलेली विधवा. ज्या घरांत तरण्या शेतकऱ्यानं आत्महत्या केली तिथं तर ती सत्तरीत नातवंडांची आई होऊन बसली आहे. प्रत्येक गट घरांची जी वही ठेवेल, तिच्यात या विधवेचं नाव पहिलं असेल.

सरकारकडं आमचं मागणं दयेचं नाही. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार रुपये महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यात यावेत, तीन-तीन महिने थकून नव्हे. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाचा केंद्राचा वाटा अजूनही दोनशे रुपये आहे. त्यात बीपी-साखरेच्या गोळ्या तरी येतात का ते दिल्लीनं बघावं. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, त्याचं आम्ही स्वागत करतो. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. हाड मोडल्यावर पैसा आहे, ते मोडू नये म्हणून उपकेंद्रात फिजिओथेरपीचा एक माणूसही नाही. नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आठवड्यातून ठरावीक दिवस वार्धक्यविकाराची ओपीडी चालावी, आणि तिथल्या विद्यार्थ्यांना गावात जाऊन म्हाताऱ्या माणसांची घरं बघायला लावावीत.

एसटीबद्दलही बोलायचं आहे. पंचाहत्तरीनंतर ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट झाला, आणि आमच्यातल्या पुष्कळांना त्यामुळं लेकीचं घर पुन्हा दिसलं. एसटीचे आम्ही ऋणी आहोत. पण मुखेडच्या स्टँडवर बघा. गाडी लागते, म्हातारी आधार कार्ड हातात धरून दारापाशी येते, पहिली पायरी तिच्या गुडघ्याला लागते. मागून लोक रेटतात. ती एक हात दांड्याला, एक हात अनोळखी माणसाच्या खांद्याला देते आणि कशीबशी चढते. कधी कधी चढतच नाही, “पुढच्या गाडीनं येते” म्हणून मागं सरते. स्टँडवर निदान एका फलाटाला उंच ओटा, खाली पाऊलभर लाकडी पायरी, आणि म्हाताऱ्यांना आधी चढवायची कंडक्टरला सूचना, एवढं केलं तर ती सवलत खऱ्या अर्थानं पोचेल. स्टँडसारखीच गत बाजाराची. लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथं बसायला सावलीतले बाक आणि स्वच्छ मुतारी हवी. ती नाही म्हणून कितीतरी बाया सकाळपासून पाणी न पिता बाजाराला येतात.

वृद्धाश्रमांना आमचा विरोध नाही. ज्याला तिथं राहायचं आहे, त्यानं मान खाली घालायचं कारण नाही, आणि त्याच्या लेकरांनाही कुणी टोचू नये. १९९५ मध्ये राज्यानं मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. २००७ च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे माणसांची सोय सरकार करू शकतं. आमच्या दोन जिल्ह्यांत अशा किती जागा आहेत, किती भरल्या आहेत, कोण तपासतं, हे दरवर्षी जाहीर व्हावं. दार उघडं असावं, बाहेर जाता-येता यावं, आणि आमच्यातलं कुणी केव्हाही सांगून-न सांगता भेटायला गेलं तर त्याला आत घ्यावं.

हे सगळं जमेल का, असं विचारणाऱ्यांना आम्ही तीन ठिकाणं दाखवतो. कोळीकोडला शेजारपाजारच्या सामान्य माणसांनी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची सेवा वाटून घेतली, आणि २००८ मध्ये केरळ सरकारनं त्याचं धोरण केलं. अमेरिकेत बोस्टनच्या बीकन हिल भागातल्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी एकत्र येऊन वर्गणी काढली. नळ दुरुस्तीपासून डॉक्टरकडं नेण्यापर्यंत एका फोनवर सोय केली आणि आपापल्या घरात राहिले. तिसरं ठिकाण आमचंच आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर गावोगावच्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. पडलेल्या घरांची कामं त्यांनी समजून घेतली आणि सरकारी माणसाला गावात उत्तर द्यायला लावलं. त्यांतल्या अनेक जणी आता आजी आहेत. आम्ही त्यांच्याकडं शिकायला जाणार आहोत.

परगावच्या लेकरांनो, तुमच्यावर आमचा राग नाही. तुम्ही शिकावं, लांब जावं म्हणून आम्हीच शेतं गहाण टाकली. तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, पुढच्या वेळी गावाकडं आलात की टीव्ही घेण्याआधी न्हाणी बघा. दुसरी, आमच्या शेजाऱ्याचा नंबर तुमच्याकडं असू द्या आणि महिन्यातून एकदा त्यालाही फोन करा. आमचा पाय घसरला तर तुमच्याआधी तोच येणार आहे.

कामाची रीत अशी राहील. दहा ते पंधरा घरांचा एक गट. गटाची एक वही. वहीत नाव, घरात कोण कोण, कोणत्या गोळ्या, परगावच्या लेकरांचे नंबर, रात्री कुणाला उठवायचं, आणि कोणती कागदपत्रं अडली आहेत. दर सकाळी नऊच्या आत प्रत्येकानं आपलं दार उघडायचं. नाही उघडलं तर शेजाऱ्यानं जाऊन वाजवायचं. पैशाची वर्गणी नाही, आठवड्याला दोन तास द्यायचे. तरुणांनीही यावं, कॉलेजातल्या पोरांना अर्ज भरण्याचं काम देऊ. जात, धर्म, पक्ष यांवरून गट पडणार नाहीत. ज्या गावात आधीच ज्येष्ठ नागरिक संघ चालतो तिथं त्याच संघात जाऊन काम करायचं, वेगळं दुकान मांडायचं नाही. गटाला जमत नसेल अशा अडचणीत १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला फोन लावायचा.

ज्यांना हे मान्य आहे त्यांनी खाली सही करावी, सही येत नसेल त्यांनी अंगठा द्यावा. सहीसमोर दोन रकाने आहेत: न्हाणीत दांडा बसवला का, आणि शेजारच्या कुठल्या घराची जबाबदारी घेतली. दुसरा रकाना रिकामा ठेवून सही करू नये.